बर्मिंगहॅममधील सोहोचे घर

विलायतेस जाणारा आपल्याकडील प्रवासी लंडन पाहतो, ऑक्सफर्ड व केंब्रिज पाहतो, शेक्सपिअरच्या गावी जाऊन त्याच्या घराच्या चौकटीस हात लावून येतो. सवड असलीच तर स्कॉटलंडातील सरोवरांपर्यंत त्याची मजल जाते. बर्मिंगहॅमचे नाव त्याच्या टिपणात सहसा आढळत नाही. आढळावे असे त्या शहरास रूपही नाही. तांबड्या विटांची घरे, काळसर पाण्याचे कालवे, रेल्वेचे रूळ आणि वेळी अवेळी पडणारा बारीक पाऊस, एवढीच त्याची प्रथमदर्शनी ओळख. तथापि कन्या व जावई तेथे असल्यामुळे दोन महिने मला त्या शहरी राहण्याचा योग आला, आणि त्या अवधीत जे एक घर मी चार वेळा पाहून आलो त्याची हकीकत वाचकांस सादर करावीशी वाटते.

शहराच्या मध्यापासून वायव्येस हॅंड्सवर्थ नावाची वस्ती आहे. तिच्यातून जो मोठा रस्ता जातो त्याचे नाव सोहो रोड. बसमधून उतरताच आपण इंग्लंडात आहो की जालंधरास, असा क्षणभर संभ्रम पडतो. दुतर्फा साड्यांची व सराफीची दुकाने, मिठाईच्या पराती, भाजीवाल्यांपुढे कोथिंबिरीच्या जुड्या व आंब्यांच्या पेट्या, आणि ह्या सर्वांच्या मध्ये एक भव्य गुरुद्वारा. ह्या गजबजाटातून बाजूच्या एका शांत गल्लीत वळले की थोड्याच अंतरावर हिरवळीत एक फिकट रंगाचे, रुंद कपाळाचे घर दिसते. तेच सोहो हाऊस. दुरून ते दगडी भासते. वस्तुतः त्याच्या भिंतींना पाटीच्या दगडाच्या फरशा बसवून वर रंग दिलेला आहे. आयुष्यभर पाटीशी संबंध आलेल्या मजसारख्या मास्तरास ह्या गोष्टीचे कौतुक वाटल्यास नवल नाही. हे घर मॅथ्यू बोल्टन ह्या कारखानदाराचे. १९९५ सालापासून ते संग्रहालय म्हणून सर्वांस खुले आहे.

आता ह्या घराकडे माझे पाय पुन्हा पुन्हा का वळले ते सांगावयास हवे. हल्ली वृत्तपत्रे उघडावी तो 'स्टार्टअप' हा शब्द दृष्टीस पडतो, आणि अलीकडे त्याच्यामागे 'डीप टेक' असे एक विशेषण लागू लागले आहे. ह्या दोहोंतला भेद समजण्यास कठीण नाही. घरपोच भाजी पोचविण्याचा व्यवसाय कितीही नवा असला तरी त्यात शंका एवढीच, की गिऱ्हाईक येईल की न येईल. भाजी आहे, पिशवी आहे, पोचविणारा आहे. परंतु दुसऱ्या जातीच्या उद्योगात प्रयोगशाळेतून निघालेली मूळ वस्तूच सिद्ध होईल की नाही ह्याची शंका असते. सिद्ध झाली तरी ती मोठ्या प्रमाणावर घडविता येईल की नाही ही दुसरी शंका. आणि गिऱ्हाइकाची शंका त्यानंतर. त्यात वर्षे जातात, पैसा जातो, आणि पुष्कळदा माणसेही खर्ची पडतात. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू पुण्यास दोन मित्रांसह अशाच एका खटाटोपात पडला आहे. लिथियमऐवजी सोडियमवर चालणारी बॅटरी करण्याचा त्यांचा उद्योग आहे. गावाकडील कलमांची बाग विकून तो पैसा ह्या कामी घालावा, असा प्रस्ताव त्याने घरात मांडला होता. आणि वडील मंडळींत मी एकटाच उरलेला म्हणून माझे मत मागितले होते. तो प्रश्न खिशात घेऊनच मी विमानात बसलो होतो.

सोहोच्या घरात मला त्या प्रश्नाचे जुने भावंड भेटले. वाफेच्या यंत्राचा इतिहास आपण शाळेत शिकतो तो जेम्स वॅट व किटलीच्या झाकणाचा. मीही तो पुष्कळ वर्षे तसाच शिकविला, कारण क्रमिक पुस्तकात तसा होता. खरी गोष्ट अशी की वाफेचे यंत्र वॅटच्या जन्मापूर्वीच, १७१२ सालापासून, खाणींतील पाणी उपशीत होते. ते न्यूकोमेनचे. वॅट हा ग्लासगोच्या विश्वविद्यालयात उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. १७६३ च्या हिवाळ्यात त्या यंत्राची एक लहान प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीस आली, आणि ती दुरुस्त होऊनही नीट चालेना म्हणून तो विचारात पडला. न्यूकोमेनच्या यंत्रात नळकांड्यात वाफ भरावयाची, मग त्याच नळकांड्यात थंड पाण्याची धार सोडून ती निववावयाची, म्हणजे आत पोकळी होऊन बाहेरची हवा दट्ट्या खाली दाबते. प्रत्येक खेपेस नळकांडे निवते, प्रत्येक खेपेस ते पुन्हा तापवावे लागते. एक भाकरी भाजून झाली की तवा पाण्यात बुडवावा, आणि पुन्हा तापवून दुसरी टाकावी, असा स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीस सरपण किती लागेल? वॅटने हाच हिशेब केला. १७६५ च्या मे महिन्यातील एका रविवारी ग्लासगोच्या मैदानावर फिरत असता त्याला युक्ती सुचली, की वाफ निववण्याचे भांडे निराळे ठेवावे. तवा तापलेलाच राहील. त्या मैदानावर आज एक शिळा त्या प्रसंगाची खूण म्हणून उभी आहे.

युक्ती एका रविवारी सुचली. तिच्यापासून कोणाचा पैसा सुटण्यास किती वर्षे लागली ते पाहण्यासाठी मात्र स्कॉटलंडात जावे लागते, आणि आम्ही गेलो. एडिंबरोहून गाडीने लिनलिथगोस उतरावे, तेथून फोर्थच्या खाडीवरील बोनेस गावास बस जाते. गावाबाहेर किनील हाऊस नावाचा हॅमिल्टन घराण्याचा जुना वाडा आहे. आत भिंतींवर सोळाव्या शतकातील चित्रे आहेत, आणि जवळूनच रोमनांनी बांधलेल्या अँटोनाइन भिंतीची रेषा गेली आहे, त्यामुळे पाहणाऱ्यांचे लक्ष तिकडेच लागते. आम्ही वाड्याच्या मागे गेलो. ओढ्याच्या काठी, झाडांच्या दाट सावलीत एक छप्पर नसलेली दगडी झोपडी उभी आहे. लांबीरुंदीला आपल्याकडील गोठ्याएवढी. शेजारी एका जुन्या यंत्राचे गंजलेले लोखंडी नळकांडे. आत गवत, ओल, आणि चार भिंती. वॅटने आपले पहिले मोठे यंत्र ह्याच जागी गुपचूप उभारले. जावईबापूंनी चारी बाजूंनी छायाचित्रे घेतली. मी तेथील एका दगडावर बसून राहिलो. हवेत गारठा होता, पण उठवेना.

ह्या वाड्याचा तेव्हाचा भाडेकरी डॉक्टर जॉन रोबक. हा वैद्यकी शिकलेला, रसायनात निष्णात, आणि धाडसी. गंधकाम्ल काचेच्या नाजूक पात्रांऐवजी शिशाच्या खोल्यांत करण्याची पद्धत त्यानेच बर्मिंगहॅमास १७४६ साली सुरू केली. पुढे स्कॉटलंडातील प्रसिद्ध कॅरन लोखंड कारखान्याच्या संस्थापकांत तो होता. वॅटला आरंभी पैसा दिला तो उष्णतेचा अभ्यासक प्रोफेसर जोसेफ ब्लॅक ह्याने. परंतु प्राध्यापकाची मिळकत ती किती पुरणार? वॅटवर सुमारे हजार पौंडांचे कर्ज झाले. रोबकने ते आपल्या अंगावर घेतले, पेटंटाचा खर्च सोसण्याचे कबूल केले, आणि मोबदल्यात शोधाचा दोनतृतीयांश हिस्सा घेतला. पेटंट १७६९ च्या जानेवारीत मिळाले. यंत्र मात्र चालेना. कॅरनचे नळकांडे ओबडधोबड, आणि दट्ट्या व नळकांडे ह्यांमधील फट कशाने बुजवावी हे कळेना. वॅटने बुचाचे लाकूड, तेलात भिजविलेल्या चिंध्या, जुन्या टोप्या, कागद, फार काय घोड्याची लीदसुद्धा भरून पाहिली. वाफ निसटतच राहिली.

ह्यात मौज म्हणा वा दैवदुर्विलास म्हणा, तो असा की रोबकने हे यंत्र हौसेने पोसलेले नव्हते. बोनेसच्या कोळशाच्या खाणी त्याने मक्त्याने घेतल्या होत्या आणि त्या पाण्याने भरत होत्या. पाणी उपसण्यास जुने यंत्र पुरत नव्हते, म्हणून त्याला नवे हवे होते. आणि नवे यंत्र तयार होण्याच्या आत खाणींनी त्याला बुडविले. कॅरनमधील आपले भांडवल त्याने काढून ह्या पाण्यात घातले होते. १७७३ साली त्याचे दिवाळे वाजले. सावकार जमले, मालमत्तेची मोजदाद झाली. वॅटच्या यंत्रातील दोनतृतीयांश हिस्सा हीही एक मालमत्ताच. पण सावकारांपैकी एकानेही तिला फुटक्या कवडीची किंमत दिली नाही. त्याच वर्षी वॅट चरितार्थासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेस कालव्याची मोजणी करीत डोंगरांतून हिंडत असता घरी त्याची पत्नी मार्गारेट बाळंतपणात वारली. मागे दोन लहान मुले. धीर खचलेल्या नवऱ्यास हिंमत देणारी ती होती. युक्ती सुचलेल्या रविवारास तोवर आठ वर्षे लोटली होती.

रोबकच्या देणेकऱ्यांच्या यादीत, म्हणजे त्याने ज्यांचे देणे होते त्यांत, बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन होता. येणे सुमारे बाराशे पौंड. इतरांनी नाकारलेला यंत्राचा हिस्सा त्याने त्या रकमेपोटी घेतला. हा सौदा अचानक झाला असे मात्र नव्हे. सोहोच्या माळावर बोल्टनचा बटणे, बकले व चांदीची भांडी करण्याचा मोठा कारखाना होता. आज त्याची वीटही उरलेली नाही. त्या कारखान्याची चाके पाण्यावर फिरत आणि उन्हाळ्यात ओढा आटला की थांबत, म्हणून वाफेकडे त्याची दृष्टी पूर्वीपासून होती. चार वर्षांपूर्वी रोबकने त्याला तीन परगण्यांपुरता यंत्र करण्याचा हक्क देऊ केला तेव्हा त्याने तो नाकारला होता. तीन परगण्यांसाठी करणे परवडत नाही, करावयाचे तर साऱ्या जगासाठी, अशा आशयाचे उत्तर त्याने वॅटला धाडले. हे उत्तर बढाईचे नव्हे. नमुन्याबरहुकूम सुटे भाग करणारी यंत्रे व तरबेज कारागीर एकदा जमविले की एका यंत्रास येणारा खर्च व शंभरांस येणारा खर्च ह्यांत काय अंतर पडते, हे बटणांच्या व्यापाऱ्यास ठाऊक होते, डॉक्टरास नव्हते.

वॅट १७७४ साली बर्मिंगहॅमास आला. किनीलचे यंत्र मोडून पेट्यांतून सोहोस आणले गेले. परंतु त्याचे भाग्य उघडले ते सोहोत नव्हे, तर जॉन विल्किन्सन नावाच्या एका लोहाराच्या भट्टीत. तोफा कोरण्यासाठी ह्या गृहस्थाने १७७४ मध्ये नवे यंत्र केले होते. त्याच कल्पनेवर त्याने वॅटसाठी पन्नास इंच व्यासाचे नळकांडे कोरले आणि ते इतके सरळ उतरले, की झिजलेल्या शिलिंगाच्या जाडीएवढाही फरक त्यात कोठे निघाला नाही. चिंध्या व लीद ह्यांचे काम संपले. (हा विल्किन्सन इतका लोहवेडा, की आपल्यासाठी लोखंडाची शवपेटिकाही त्याने आगाऊ करवून ठेविली होती.) १७७६ च्या मार्चात टिप्टनजवळील ब्लूमफील्डच्या कोळशाच्या खाणीवर पहिले यंत्र लोकांसमक्ष चालले.

वाचकांनी येथे बोटे मोजावी. १७६५ पासून १७७६ ही अकरा वर्षे. आजकाल अशा उद्योगांत पैसा घालणाऱ्या ज्या मंडळ्या आहेत, ज्यांना व्हेंचर फंड म्हणतात, त्यांची मुदत सामान्यतः दहा वर्षांची असते. दहाव्या वर्षी हिस्से विकून ज्याचे त्याला द्यावयाचे. ह्या हिशेबाने १७७५ साली वॅटचे खाते बंद झाले असते, आणि तोपर्यंत एकही यंत्र विकले गेलेले नव्हते. बंधूंच्या नातवाने दूरध्वनीवर मला सांगितले होते, "अण्णाआजोबा, प्रयोगशाळेत आमची बॅटरी चालते आहे. आता फक्त मोठी करायची बाकी आहे." त्या 'फक्त' शब्दाचा अर्थ मला किनीलच्या झोपडीत कळला.

यंत्र चालले, पण विकावयाचे कसे? एवढे मोठे यंत्र घेण्याइतका पैसा कोणा खाणमालकाजवळ रोख नसे, आणि सोहोजवळही ते संपूर्ण बांधून देण्याइतके भांडवल नव्हते. येथे बोल्टनची खरी हुशारी दिसते. पहिली वीस वर्षे ह्या पेढीने यंत्रे केलीच नाहीत असे म्हटले तरी चालेल. ती आराखडे देई, झडपांसारखे नाजूक भाग सोहोस करून देई, नळकांडे विल्किन्सनकडून घ्यावे असे सांगे, आणि उभारणीस आपला जोडारी पाठवी. बाकी सर्व सामान खाणमालकाने आपल्या खर्चाने आणावयाचे. मोबदला कसा, तर जुन्या न्यूकोमेन यंत्राच्या मानाने जो कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा. वाचलेच नाही तर देणे नाही. यंत्राच्या तुळईला एक कुलूपबंद मोजपेटी लावलेली असे. किती हेलकावे झाले ते ती मोजी, आणि त्यावरून आकारणी होई. आमच्या धर्मशास्त्रकारांनी अठरा व्यवहारपदांत 'संभूयसमुत्थान' म्हणून एक प्रकरण घातले आहे. अनेकांनी मिळून उद्योग करावा व लाभहानी ठरल्याप्रमाणे वाटून घ्यावी, हा त्याचा विषय. त्या शब्दाची आठवण मला सोहोत वारंवार झाली. 'स्टार्टअप' शब्दात नुसते उठणे आहे. आमच्या शब्दात मिळून उठणे आहे.

असे गिऱ्हाईक कोठे मिळणार? जेथे कोळसा महाग तेथे. कोळशाच्या खाणीवर कोळशाची बचत कोण विचारतो? परंतु इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या व कथिलाच्या खोल खाणी होत्या, आणि कोळसा तेथे वेल्सहून जहाजाने येई. तेथे यंत्राची वाट पाहणारे लोक होते. १७७७ पासून वॅट व त्याचे जोडारी त्या ओसाड किनाऱ्यावर वर्षेच्या वर्षे राहिले. त्यांतील विल्यम मर्डॉक हा तरुण स्कॉटलंडाहून नोकरी मागावयास आला तो स्वतः चरकावर कातलेली लाकडी टोपी घालून, आणि ती टोपी पाहूनच बोल्टनने त्यास ठेवून घेतले असे सांगतात. स्वतः वॅटला व्यवहाराचा मनस्वी तिटकारा. भरलेल्या तोफेसमोर उभे राहीन, पण हिशेब व घासाघीस नको, असे तो म्हणे. डोकेदुखी आणि निराशा त्याच्या पाचवीला पुजलेली. १७८१ च्या सुमारास नुसते पाणी उपसण्यावर न थांबता चाक फिरविणारे यंत्र कर, म्हणजे गिरण्या आपल्या दारी येतील, असा लकडा बोल्टनने त्याच्यामागे लावला. तो लावला नसता तर पेढी कॉर्नवॉलच्या खाणींतच संपली असती.

आता पैशाची बाजू. सोहोच्या घरात भोजनगृह आहे. तेथे पौर्णिमेच्या सुमारास बोल्टनची मित्रमंडळी जमे. चांदण्यात घरी परतणे सोपे म्हणून ती तिथी. इरॅस्मस डार्विन, वेजवूड, प्रीस्टली, वॅट अशी ती मंडळी. मंडळाचे नावच चांद्रमंडळ पडले. पाहुणे त्या टेबलाजवळ थबकतात. मी मात्र तेथे उभा राहून घरच्या बाईचा विचार करीत असे. बोल्टनने लिचफील्डच्या रॉबिन्सन नावाच्या धनिक घराण्यातील मुलीशी विवाह केला, आणि ती वारल्यावर तिच्या बहिणीशी, ॲनशी. (मेहुणीशी विवाह ही आपल्याकडे नित्याची गोष्ट, तेथील धर्मखात्यास तो निषिद्ध, म्हणून लंडनास जाऊन तो उरकावा लागला.) ह्या दोघी बहिणींकडून माहेरची मालमत्ता बोल्टनच्या घरात आली. यंत्राच्या पायी पुढे जेव्हा ओढाताण झाली तेव्हा वडिलार्जित जमीन व पत्नीकडून आलेल्या मालमत्तेचा मोठा भाग त्याने विकला किंवा गहाण टाकला. यंत्रांपासून पुढे येणारे उत्पन्नही आगाऊ गहाण पडले. बटणांच्या धंद्यातील त्याचा भागीदार फॉदरगिल ह्या सर्वास विरोध करीत होता. नफ्याचे दिवस येण्याआधी, १७८२ साली, तो वारला. त्या काळच्या इंग्रजी कायद्याने विवाहित स्त्रीच्या धनावर बहुतांशी पतीचीच सत्ता चाले. ती बदलण्यास १८८२ साल उजाडावे लागले. ॲन बोल्टनला कोणी विचारले होते काय? घरातील फलकांवर ह्याचे उत्तर मला मिळाले नाही.

आमच्या याज्ञवल्क्यस्मृतीत स्त्रीधनाविषयी स्पष्ट सांगितले आहे, की दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास ह्या प्रसंगी पतीने ते घेतले तर परत करण्याचे बंधन नाही. नव्या यंत्राचा उल्लेख त्या यादीत नाही. हे मला आठवण्याचे कारण, आमच्या वहिनी. नातवाच्या प्रेमाने त्यांनी आपल्या पाटल्या व माहेरून आलेला चपलाहार ह्या कामी देऊ केला होता, आणि घरातील तरुण मंडळींस ती गोष्ट मोठी हृद्य वाटली होती.

सोहोहून तिसऱ्यांदा परत आलो त्या रात्री मी घरी सविस्तर पत्र लिहिले. बाग विकू नये; तिच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाएवढी रक्कम मुलास द्यावी, आणि देताना ती गेली असे समजून द्यावी, म्हणजे तो वर्षअखेरीस भेटावयास आला तर त्याला जेवणाच्या पाटावर हिशेब विचारण्याची पाळी कोणावर येणार नाही. वहिनींच्या पाटल्या वहिनींच्या हातांत राहाव्या. मुलास मी निराळे लिहिले. ज्या ठिकाणी लिथियमची महागाई वा दुर्मिळता सर्वांत जास्त बोचते ते तुझे कॉर्नवॉल कोणते ते आधी शोध, आणि तुझी पत्रे व रसायने बिनचूक घडवून देणारा विल्किन्सन कोठे आहे तेही पाहा. तो तुमच्या तिघांत नाही हे मला तुझ्या बोलण्यावरून दिसते. दहा वर्षांच्या आत पैसे मागणाऱ्याचा पैसा घेण्यापूर्वी दहादा विचार कर. सरकारी साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारने २०२५ साली संशोधन व नवोपक्रमांसाठी एक लक्ष कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे, तिच्याकडे अर्ज कर. मुलाचे उत्तर चार ओळींचे आले. त्यात राग होता, पण 'कॉर्नवॉल'चा पत्ता त्याने विचारला होता.

सरकारच्या साहाय्यावाचून वॅट व बोल्टनही तरले नसते, ही गोष्ट कारखानदारांच्या चरित्रांत ओझरती येते. पेटंटाची मुदत चौदा वर्षांची, म्हणजे १७८३ पर्यंत. नफा दिसू लागण्याच्या वेळेसच ती संपली असती. म्हणून १७७५ साली पार्लमेंटकडून खास कायदा करवून ती १८०० पर्यंत वाढवून घेतली. एडमंड बर्क ह्याने मक्तेदारी म्हणून विरोध केला होता, आणि मला त्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे वाटत नाही. कॉर्नवॉलचे खाणमालक पुढे पुढे हप्ते देईनात. हॉर्नब्लोअरसारख्या हुशार कारागिरांच्या नव्या कल्पना वॅटच्या वकिलांनी दाबून ठेविल्या. दावे १७९९ पर्यंत चालले. ज्याने पंचवीस वर्षे सोसले त्याने पंचवीस वर्षे खावे, हे ठीक. पण पेटंट संपताच उच्च दाबाची यंत्रे भराभर पुढे आली, हेही विसरता येत नाही. तोपर्यंत सोहोच्या पेढीची साडेचारशे ते पाचशे यंत्रे उभी राहिली होती. १७९६ पासून स्मेथविकच्या नव्या ओतशाळेत ती संपूर्ण तयार होऊ लागली. ती ओतशाळा १८९५ मध्ये एव्हरी काटेवाल्यांनी घेतली. त्यांचा काटा आपल्याकडील पेठांतून जुन्या वाचकांनी पाहिला असेल. आणि बोल्टनने वाफेवर चालविलेल्या टांकसाळीत १७९१ साली मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी पाडली गेली, त्यांवर तराजू होता. पुण्यास तेव्हा सवाई माधवराव गादीवर होते.

बर्मिंगहॅम सोडण्यापूर्वी उरलेल्या दोन गोष्टी पाहिल्या. शहराच्या विज्ञानसंग्रहालयात स्मेथविकचे कालव्यावरील यंत्र आहे. १७७९ पासून १८९१ पर्यंत ते पाणी उपशीत होते, आणि आजही चालू शकणारे वाफेचे सर्वांत जुने यंत्र म्हणून त्याचा लौकिक आहे. मी गेलो तेव्हा ते स्तब्ध होते. दुमजली घराएवढे; तुळई लाकडाची, आपल्या वाड्याच्या तुळईसारखी, पण तिच्या टोकांना साखळ्या. शाळेची मुले भोवती धावत होती आणि त्यांच्या मास्तरांचा आवाज बसला होता. सेंटिनरी चौकात बोल्टन, वॅट व मर्डॉक ह्यांचे सोनेरी पुतळे आहेत. तिघे एक आराखडा उलगडून पाहत आहेत. गावकरी त्यांना गालिचे विकणारे म्हणतात.

शेवटच्या दिवशी हॅंड्सवर्थच्या सेंट मेरी देवळात गेलो. तिघेही तेथेच पुरलेले आहेत; बोल्टन १८०९ मध्ये, वॅट १८१९ मध्ये, मर्डॉक १८३९ मध्ये. वॅटचा संगमरवरी पुतळा निराळ्या कोठडीत, मांडीवर कागद व हातात कंपास घेऊन बसला आहे, आणि चेहरा चिंतेचाच. देवळाची देखभाल करणाऱ्या वृद्ध बाईंनी दिवे लावून दिले. आम्ही हिंदुस्थानातून आलो हे कळल्यावर त्यांनी विचारले, आपण इंजिनियर आहात काय? मी म्हणालो, नाही, शिक्षक. रोबकविषयी त्यांना विचारले. हे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. कन्येने त्यांना त्याचे स्पेलिंग एका चिठ्ठीवर लिहून दिले, आणि आम्ही सोहो रोडवरून भाजी घेऊन घरी परतलो.